'एकदम समोर आला': हँड्सफ्रीवर बोलत गाडी चालवणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विक्रीची नोकरी, रोज अडीचशे-तीनशे किलोमीटर गाडी, दिवसभर फोन. फोन हातात कधी धरत नाही, ब्लूटूथवर बोलतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर. १२ वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. तरी घरी रोज बोलणी खावी लागतात आणि आता कंपनीनंही गाडी चालवताना फोन पूर्ण बंद ठेवायचा हुकूम काढलाय. यात खरंच काही तथ्य आहे की उगाच बाऊ चाललाय? आणि फोन बंद ठेवला तर काम कसं करायचं?

मी आधी सहा वर्षं ट्रक चालवला आणि त्यानंतर २१ वर्षं चालकांना शिकवतोय. बसवाले, मालवाहतूकवाले, तुमच्यासारखे कंपनीच्या गाड्यांवर फिरणारे, सगळे येतात. गेली काही वर्षं माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे गाडीत बसवलेल्या कॅमेऱ्यांचं चित्रण बघणं आणि धडक कशी झाली ते चालकाबरोबर बसून उलगडणं. त्या अनुभवावरून सांगतो: 'डोळे रस्त्यावर असतात' हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण अपुरं आहे. 'बारा वर्षांत काही झालं नाही' हेही खरं आहे, पण त्यातून तुम्हाला वाटतं ते सिद्ध होत नाही.

एक चित्रण मी प्रत्येक तुकडीला दाखवतो. कॅमेऱ्याला दोन भिंगं आहेत, एक रस्त्याकडे, एक चालकाच्या चेहऱ्याकडे. दुपारची वेळ, सरळ कोरडा रस्ता, गर्दी बेताची. चालक तरुण, पट्टा लावलेला, दोन्ही हात चाकावर, कानात इअरफोन. मान सरळ, नजर समोर. पुढच्या ट्रकचे ब्रेक-लाइट लागतात. मी चित्रण इथे थांबवतो आणि वर्गाला सांगतो, आता फक्त चेहऱ्याकडे बघा. एक सेकंद. काही नाही. दुसरा सेकंद. पलीकडचा माणूस काहीतरी गमतीचं बोलला असावा, हा हसतो. तिसरा सेकंद संपता संपता डोळे मोठे होतात, खांदे वर जातात आणि पाय ब्रेककडे धावतो. तोवर अंतर उरलेलंच नाही.

तीन सेकंद दोन लाल दिवे त्याच्या डोळ्यांसमोर होते. तो त्यांच्याकडेच बघत होता. वाचला, पायाचं हाड मोडलं तेवढंच. नंतर त्यानं लिहून दिलेल्या जबाबात एक वाक्य आहे: 'समोरच्या ट्रकनं एकदम ब्रेक मारला.' खोटं बोलत नव्हता तो बिचारा. त्याच्या लेखी ट्रकनं खरंच एकदम ब्रेक मारला, कारण आधीचे तीन सेकंद त्याच्या डोक्यात पोचलेच नव्हते. 'एकदम समोर आला', 'कुठून आला कळलंच नाही', 'अचानक वळला'. इतक्या वर्षांत ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकलीत की जबाबात 'एकदम' शब्द दिसला की मी आधी फोनची नोंद मागवतो.

हे डोळ्यांचं काम आणि डोक्याचं काम वेगळं असतं ही गोष्ट प्रयोगशाळेतही तपासून झाली आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम चालनयंत्रावर (सिम्युलेटरवर) लोकांना बसवलं, काहींना हँड्सफ्रीवर बोलायला लावलं आणि बुबुळं नेमकी कुठे वळतात ते यंत्रानं टिपलं. रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक होते. बोलणाऱ्यांची नजर फलकावर पडली होती, यंत्र तसं दाखवत होतं. पण नंतर विचारलं तेव्हा त्यांना ते फलक ओळखता येत नव्हते, न बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी. नजर गेली, पण दिसलं नाही. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर शाब्री यांनी केलेला गोरिलाचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल. चेंडू किती वेळा फेकला ते मोजा म्हणून सांगितलं, आणि मधूनच गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती आली, छाती बडवून गेली. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. रस्त्यावरचा सायकलवाला गोरिलापेक्षा बराच लहान असतो.

यात एक बारकावा आहे, तो बहुतेकांना उलटा वाटतो. बोलणारा चालक समोर कमी बघत नाही, जास्त बघतो. त्याची नजर पुढच्या एका पट्ट्यात खिळते. सुटतात ते आरसे, स्पीडोमीटर, फुटपाथची कड, उभ्या गाड्यांमधल्या फटी. मोकळ्या मैदानात सराव घेताना मी बाजूला बसून आरशाकडे गेलेल्या नजरा मोजतो, बोटांवर. चांगला चालक दर पाच-दहा सेकंदांनी कुठल्या ना कुठल्या आरशात डोकावतो. मग मी त्याला सांगतो, तुमच्या लहानपणीच्या घराचा नकाशा तोंडी सांगा, दारातून आत शिरलं की उजवीकडे काय, डावीकडे काय. तो सांगायला लागतो आणि माझी बोटं थांबतात. मिनिटभर, कधी दोन मिनिटं, एकही नजर आरशाकडे जात नाही. गाडी मात्र व्यवस्थित रेघेत चाललेली असते! म्हणूनच त्याला स्वतःला काही चुकतंय असं वाटत नाही. गाडी रेघेत ठेवणं हे सवयीचं काम आहे, ते हात आपोआप करतात. अनपेक्षित गोष्ट ओळखणं आपोआप होत नाही, त्याला डोकं लागतं, आणि ते त्या क्षणी लहानपणीच्या घरात फिरत असतं. तुमच्या बाबतीत एखाद्या ग्राहकाच्या थकलेल्या बिलात.

आता थोडं गणित, कारण 'अर्ध्या सेकंदानं काय होतंय' असं म्हणणारे वर्गात असतातच. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. लक्ष असलेल्या माणसाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो असं धरू, तेवढ्यात ३३ मीटर गेले. कोरड्या चांगल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर आणखी ३५ मीटर. म्हणजे अडथळा जवळपास ७० मीटरवर असेल तर गाडी त्याच्या तोंडाशी येऊन थांबते. आता हाच माणूस फोनवर आहे आणि त्याला फक्त अर्धा सेकंद उशीर झाला. लोकांना वाटतं, ११ मीटर पुढे जाईल, हलका धक्का बसेल. पण ब्रेक लागत असताना वेग सुरुवातीला हळूहळू पडतो आणि शेवटच्या काही मीटरांत झपाट्यानं शून्यावर येतो. ते शेवटचे ११ मीटरच तुम्ही गमावले. जिथे पहिली गाडी थांबली असती तिथे तुमची गाडी ताशी ४५ च्या आसपास वेगात असते. ४५ च्या वेगानं माणसाला गाडी लागली तर काय होतं ते मी इथे लिहीत नाही. अर्धा सेकंद म्हणजे इतकं. माझ्या चित्रणातल्या पोरानं तीन घालवले होते.

तुमच्या १२ वर्षांकडे येतो. इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगताना अजूनही कान गरम होतात. तेव्हा मला शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती. संध्याकाळी घरी परतताना भावाचा फोन आला, हँड्सफ्रीवर. आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले होते, डॉक्टर काय म्हणाले, पुढे काय करायचं, असं बोलणं. वीस-एक मिनिटं झाली असतील. फोन ठेवला आणि समोर एक पेट्रोल पंप दिसला. तो पंप माझ्या वळणाच्या बराच पुढे आहे. म्हणजे मी वळण चुकलो होतो. ठीक आहे, कुणीही चुकतं. पण वळणाच्या आधी दोन सिग्नल आहेत, एक शाळा आहे आणि एक रेल्वे फाटक आहे. ते मी ओलांडले होते, आणि त्यातलं काहीही मला आठवत नव्हतं. ते सिग्नल हिरवे होते का? आजही सांगता येणार नाही. कुणी हॉर्न मारला नाही, कुणी शिवी घातली नाही. गाडीला ओरखडा नाही. घरी कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, नेहमीसारखा आलो.

अडचण ही आहे. तवा हाताला लागला की चटका बसतो, माणूस पुढच्या वेळी सांभाळतो. गाडीत लक्ष नसल्याचा चटका बसत नाही, कारण जे दिसलं नाही ते दिसलं नाही हेही कळत नाही. बाकीचे लोक सांभाळून घेतात. सायकलवाला कडेला सरकतो, पायी चालणारा एक पाऊल मागे घेतो, मागचा ड्रायव्हर मनातल्या मनात नाव ठेवून अंतर वाढवतो. तुमच्या १२ वर्षांच्या कोऱ्या पाटीवर त्या सगळ्यांची सही आहे, फक्त तुम्हाला वाचता येत नाही. आणि प्रत्येक निभावलेल्या फोनमागे मन एकच धडा शिकतं: बघ, जमतं. म्हणून सरावानं हे सुधारत नाही. सरावानं फक्त भीड चेपते.

'काही जणांना जमत असेल ना?' हो, असतात. स्ट्रेयर आणि जेसन वॉटसन यांनी २०१० साली २०० जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच वेळी गाडी चालवणं आणि फोनवर डोकं चालवणं, दोन्हीत जराही न घसरणारे त्यात अडीच टक्के निघाले. म्हणजे २०० मध्ये पाच. वर्गात हे सांगितलं की चाळीसच्या चाळीस चेहरे 'म्हणजे मीच' अशा थाटात माझ्याकडे बघतात.

आकड्यांचं म्हणाल तर दोन जुने अभ्यास मला सगळ्यात पटतात, कारण त्यांत लोकांच्या आठवणीवर विसंबून न राहता फोन कंपनीच्या नोंदी आणि अपघाताची वेळ ताडून पाहिली होती. एक टोरांटोमधला, रेडेलमायर आणि टिबशिरानी यांचा, १९९७ चा, ६९९ चालकांचा. दुसरा ऑस्ट्रेलियात पर्थ इथला, २००५ चा, दवाखान्यापर्यंत पोचावं लागलेल्या ४५६ चालकांचा. दोन्हींत फोन चालू असताना किंवा नुकताच ठेवलेला असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट निघाली. आणि दोन्हींत हँड्सफ्रीवाल्यांना त्यातून सूट मिळाल्याचं दिसलं नाही.

याच्या विरुद्ध बोट दाखवणारा अभ्यासही आहे, आणि तो लपवणं मला बरोबर वाटत नाही, कारण तुमच्यासारखा वाचणारा माणूस तो शोधून काढेलच. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्रकांमध्ये कॅमेरे बसवून प्रत्यक्ष रस्त्यावर वर्षानुवर्षं चित्रण केलं. २००९ साली आलेल्या निष्कर्षांत मेसेज टाइप करणाऱ्या ट्रकवाल्यांचा धोका २३ पट निघाला, पण नुसतं हँड्सफ्रीवर बोलण्यानं धोका वाढलेला दिसला नाही. मग खरं काय? माझं मत असं, आणि हे ट्रकच्या केबिनमध्ये रात्री काढलेल्या माणसाचं मत आहे: रात्री दोन वाजता मोकळ्या, सरळ, कंटाळवाण्या रस्त्यावर जोडीदार ट्रकवाल्याशी 'आणि काय मग?' छापाच्या गप्पा मारल्या तर माणूस जागा राहतो. तिथे फोनची बरोबरी झोपेशी असते आणि झोप त्याहून वाईट. तुमचे फोन तसे नाहीत. तुमच्या फोनवर भाव ठरतो, तारीख ठरते, कुणीतरी चिडलेलं असतं, तुम्हाला आकडा आठवावा लागतो. आणि तुमचा रस्ता शाळा-चौक-बाजारातून जातो. धोका नुसत्या बोलण्यात नसतो, त्या बोलण्याला किती डोकं लागतं आणि त्याच क्षणी रस्ता किती डोकं मागतो, यात असतो. दोन्हीकडून मागणी वाढली की एकीकडे उधारी होते.

'मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो त्याचं काय?' हा प्रश्न न चुकता येतो. शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. चौक आला की तो आपोआप गप्प बसतो, तुमचा पाय ब्रेककडे गेला की त्याचं वाक्य अर्ध्यात तुटतं, 'अरे, हेच वळण ना?' असंही तो म्हणतो. फोनवरच्या माणसाला तुम्ही कुठे आहात याचा पत्ता नसतो. तुम्ही गप्प बसलात तर तो 'हॅलो? आवाज येतोय का?' करतो आणि तुम्हाला परत ओढून घेतो. युटामध्येच २००८ साली हे तपासलं होतं. चालकांना महामार्गावरून एका ठरावीक विसाव्याच्या ठिकाणी बाहेर पडायचं होतं. शेजारी मित्र असलेल्यांपैकी बहुतेक नीट बाहेर पडले. फोनवर बोलणाऱ्यांपैकी निम्मे तसेच सरळ पुढे निघून गेले. मी पंपापर्यंत गेलो तसे.

डोळे आणि हात दोन्ही काढून घेणाऱ्या गोष्टींवर फार लिहीत नाही, तुम्ही त्या करत नाही असं म्हणताय. तरी स्वतःला एकदा तपासा. होल्डरमधला नकाशा बोटांनी मोठा करणं, गाणं बदलणं, मनगटावरचं घड्याळ थरथरलं म्हणून बघणं, हे सगळं त्यातच मोडतं. दोन सेकंदांहून लांबलेली नजर धोका दुप्पट करते असं चित्रणांच्या अभ्यासात दिसलं आहे, आणि ८० च्या वेगात दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर आंधळी गाडी. ट्रकवाल्यांच्या त्या अभ्यासात मेसेज टाइप करणारा सहा सेकंदांपैकी ४.६ सेकंद रस्त्याकडे बघतच नव्हता. हेल्मेट आणि गालाच्या मध्ये फोन खोचून मान वाकडी करून जाणारे दुचाकीस्वार तर मला दिवसातून चार दिसतात. त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

लाल सिग्नलला थांबून मेसेज वाचणं अनेकांना निर्धोक वाटतं. गाडी उभीच आहे की! पण डोकं मेसेजमधून लगेच बाहेर येत नाही. आवाजी आज्ञा देऊन फोन लावणं, संदेश पाठवणं यावर अमेरिकेतल्या ट्रिपल-ए फाउंडेशन या रस्ता-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं २०१५ साली जे मोजलं त्यात काम संपल्यावरही लक्ष पूर्ण जागेवर यायला काही वेळा २७ सेकंदांपर्यंत लागले. ताशी ४० च्या वेगात २७ सेकंद म्हणजे ३०० मीटर. चौकातून सुटून पुढच्या झेब्रा क्रॉसिंगपर्यंत तुम्ही निम्मे मेसेजमध्येच असता. 'नुसतं वाचलं, उत्तर दिलं नाही' यानं उलट बिघडतं, कारण मग पुढचे दोन किलोमीटर मनात उत्तर तयार होत राहतं.

फोन नसतानाही हे घडतं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. २०१६ साली साडेतीन हजारांहून अधिक चालकांच्या चित्रणाचा मोठा अभ्यास आला. त्यात रागात, दुःखात किंवा रडत गाडी चालवणाऱ्यांचा धोका जवळपास १० पट दिसला, हातातल्या फोनवर बोलण्यापेक्षाही कितीतरी जास्त. मला नवल वाटलं नाही. सकाळी किल्ल्या द्यायच्या खिडकीशी उभं राहिलं की कळतं. एकदा एक जुना, शांत स्वभावाचा बसचालक किल्ली घेताना माझ्याकडे न बघता 'द्या लवकर' म्हणाला. मी म्हटलं, काका, जरा बसा. घरात रात्रभर भांडण झालं होतं, मुलगा निघून गेला होता. त्या दिवशी त्यांना बस दिली नाही. ते चिडले माझ्यावर, आठवडाभर बोलले नाहीत. तुम्हाला कुणी किल्ली नाकारणारं नाही, तेव्हा ते स्वतःच करावं लागेल. भांडणाचा फोन आला की गाडी कडेला घ्या, आणि फोन संपल्यावर लगेच निघू नका.

बाकीचं झरझर सांगतो. पायाशी बाटली ठेवू नका. गडगडत ब्रेकखाली गेली की ब्रेक दाबलाच जात नाही, मी स्वतः ती अशी ओढून काढलीय, वळणावर. मागच्या सीटवर पोर रडत असेल तर मागे हात घालू नका, थांबा. काही खाली पडलं तर पडू द्या. गाडीत माशी शिरली तर काचा खाली करा, झटकत बसू नका.

आता विमानांची एक गोष्ट, कारण माझा सगळ्यात उपयोगी नियम मी तिथून उचललाय. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ क्रमांकाचं विमान मायामीला उतरत होतं. पुढचं चाक खाली येऊन पक्कं बसलं की नाही हे दाखवणारा हिरवा दिवा लागेना. विमान २,००० फुटांवर स्वयंचलित ठेवून कॉकपिटमधली अनुभवी माणसं त्या दिव्याच्या मागे लागली. कुणी दिवा काढतंय, कुणी खाली उतरून चाक बघतंय. दरम्यान कुणाचा तरी धक्का लागून उंची धरून ठेवणारी व्यवस्था सुटली असावी आणि विमान हळूहळू खाली यायला लागलं. उंची बदलल्याची सूचना देणारा आवाज वाजला. कुणी ऐकला नाही. विमान दलदलीत कोसळलं, शंभराहून अधिक माणसं गेली. बिघाड काय होता? दिव्यातले बल्ब जळले होते. चाक ठीक होतं.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका विमानात धुक्यात उतरताना वैमानिक राजकारण आणि जुन्या गाड्यांच्या गप्पा मारत होते, तेही कोसळलं. शेवटी १९८१ साली अमेरिकेत नियम आला: १०,००० फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त एक शब्द नाही, एक कृती नाही. नियम करणाऱ्यांनी 'वैमानिकांनो, लक्ष द्या' असा फलक लावला नाही. लक्ष देईन म्हटल्यानं लक्ष राहत नाही हे त्यांना कळलं होतं. त्यांनी लक्ष खाणारी गोष्टच त्या टप्प्यातून काढून टाकली.

माझ्या तुकड्यांत आम्ही याला 'दहा हजार फूट' म्हणतो. गाडी मागे घेताना, चौकात, शाळेजवळ, बाजारात, पावसात, अंधारात, कुणाला ओव्हरटेक करताना, गाडीतलं कुणीही बोलत नाही, गाणंही बंद. शेजारचा माणूस बोलायला लागला की चालक फक्त 'दहा हजार' म्हणतो आणि तो गप्प बसतो. राग येत नाही कुणाला, कारण शब्द आधी ठरलेला असतो.

नव्या गाड्यांत रेघ धरणारी, अंतर राखणारी व्यवस्था आली आहे आणि ती असली की फोन बघायला हरकत नाही असा समज पसरतोय. २०१८ मध्ये अॅरिझोनातल्या टेंपी शहरात स्वयंचलित गाडीच्या चाचणीत हेच झालं. सांभाळायला बसवलेली व्यक्ती फोनवरचा कार्यक्रम बघत होती, आणि सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी एक बाई गाडीखाली गेली. यंत्र सांभाळतंय तोवर माणसाला काम नसतं, आणि काम नसलेलं डोकं सगळ्यात आधी भरकटतं.

'काम कसं करायचं' हा तुमच्या प्रश्नातला खरा भाग आहे, आणि तिथे 'फोन बंद ठेवा' एवढं सांगून हात झटकणं सोपं आहे. मी विक्रीवाल्यांच्या तुकडीत असं करतो. फोनचा ड्रायव्हिंग मोड लावायचा, म्हणजे फोन करणाऱ्याला आपोआप संदेश जातो: गाडी चालवतोय, अमुक वाजता करतो. वेळ लिहायची, 'नंतर' लिहायचं नाही. वेळ कळली की माणूस दोनदा लावत नाही. फोन हाताला लागेल तिथे ठेवायचा नाही, मागच्या सीटवरच्या बॅगेत. होल्डरमध्ये ठेवून 'बघणार नाही' म्हणणं म्हणजे 'लक्ष द्या'चा नुसता फलक लावण्यासारखं झालं. नकाशा लागत असेल तर ठिकाण उभ्या गाडीत टाकायचं आणि फक्त आवाज ऐकायचा. दिवसाचं नियोजन करताना दर तासा-सव्वा तासाला १५ मिनिटांचा थांबा धरायचा आणि त्यात फोन उरकायचे. तीनशे किलोमीटरच्या दिवसात तास-सव्वा तास जास्त जातो, हे खरं आहे, आणि तो तुमच्या साहेबांनी मोजून द्यायला हवा. कंपनी एकीकडे फोन बंदचा हुकूम काढते आणि दुसरीकडे 'दहा मिनिटं फोन का उचलला नाही' म्हणून विचारते, असं असेल तर तो हुकूम कागदावरचा आहे. हे त्यांना लेखी विचारा. विचारायला लाजू नका.

आणि एक वही ठेवा, आठवडाभर. प्रत्येक थांब्यावर, चुकलेल्या प्रत्येक फोनपुढे लिहायचं: हा त्याच क्षणी घेतला नाही म्हणून काय बिघडलं? तुमच्यासारख्याच एका पठ्ठ्यानं ही वही माझ्या हट्टापायी लिहिली. शनिवारी आणून दाखवली. पानंच्या पानं 'काही नाही', 'काही नाही'. एका ठिकाणी 'ऑर्डर दुसऱ्याकडे गेली', त्यापुढे प्रश्नचिन्ह, कारण ती तशीही जाणारच होती असं त्याचं त्यालाच वाटत होतं. सगळ्यात जास्त फोन ग्राहकांचे नव्हते, साहेबांचेही नव्हते. घरचे होते. 'कुठपर्यंत आलास?' हे विचारायला.

तेव्हा घरी बोलणी बसतात म्हणालात, तर आज रात्री तिथूनच सुरुवात करा. तुम्ही गाडीत असताना घरून फोन आला आणि चुकून उचलला गेलाच, तर पलीकडून पहिला प्रश्न 'गाडी चालवतोयस का?' हा यायला हवा, आणि 'हो' ऐकल्याबरोबर फोन पलीकडूनच ठेवला जायला हवा. तुम्ही ठेवायचा नाही, त्यांनी ठेवायचा.